मे महिन्याची सुट्टी आणि ग्रंथालयाचे दार

मुंबईतील मराठी ग्रंथालयांचा इतिहास लिहिला जातो तेव्हा संस्थापक, देणगीदार, इमारत आणि ग्रंथसंख्या यांचा उल्लेख अगत्याने होतो. परंतु तेथे पुस्तक मागायला येणारा पंधरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी त्या इतिहासात क्वचितच दिसते. शाळेची उन्हाळी सुट्टी लागल्यावर तेरा ते अठरा या वयातील मुलांपर्यंत सार्वजनिक ग्रंथालय कसे पोहोचले, आणि कोठे अडले, याचा मागोवा घेण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे. लेखक व्यवसायाने कापड व्यापारी आहे, ग्रंथपाल नाही. तेव्हा विवेचनात दुकानदारीची दृष्टी डोकावली तर सुज्ञ वाचकांनी ती समजून घ्यावी.

आपल्या परिसराच्या दृष्टीने महत्त्वाच्या संस्था तीन. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली स्थापन झाले. त्यानंतर पाच वर्षांनी, १८९८ मध्ये, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाची स्थापना झाली आणि पुढे दादर पूर्वेला त्याचे मुख्य केंद्र उभे राहिले. दादर सार्वजनिक वाचनालय १९०७ सालचे. या संस्थांमागे प्रामुख्याने शिक्षक, वकील व कचेरीत नोकरी करणारा मध्यमवर्ग होता, आणि मराठी ग्रंथांचे जतन हा त्यांचा पहिला हेतू होता. त्या काळी मुलांसाठी म्हणून छापलेले मराठी वाङ्मयच तुटपुंजे होते. वासुदेव गोविंद आपटे यांनी ‘आनंद’ हे मुलांचे मासिक सुरू केले ते १९०६ मध्ये, म्हणजे दादरचे वाचनालय निघण्याच्या जेमतेम एक वर्ष आधी. बालवाचकच नुकता जन्माला येत होता, तेथे कुमारवाचकाची वेगळी सोय कोणाला सुचावी?

ती दृष्टी प्रथम दिसते बडोद्यास. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. त्याच वर्षी ते अमेरिकेत गेले आणि तेथील सार्वजनिक ग्रंथालये त्यांनी पाहिली. शाळा सोडलेल्या मुलाच्या हाती पुढे पुस्तकच पडले नाही, तर चार इयत्ता शिकलेले काही वर्षांत पुसले जाते, ही गोष्ट त्यांच्या ध्यानी आली होती. म्हणून १९१० मध्ये त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास बोलावून घेतले. बॉर्डन सुमारे तीन वर्षे राहिले. तेवढ्या अवधीत मध्यवर्ती ग्रंथालयाची घडी बसली, ग्रंथपालांचे प्रशिक्षणवर्ग निघाले, आणि ग्रंथालयविषयक एक नियतकालिक इंग्रजी, गुजराती व मराठी अशा तिन्ही भाषांत निघू लागले. महाराजांनी आपल्या राजवाड्यातील सुमारे वीस हजार ग्रंथ या ग्रंथालयास दिले.

यातील दोन गोष्टी आपल्या विषयाशी थेट संबंधित आहेत. बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी स्वतंत्र दालन होते आणि तेथे पुस्तकांबरोबर खेळांची साधनेही ठेवलेली असत. दुसरी गोष्ट फिरत्या ग्रंथालयांची. लाकडी पेट्यांत पुस्तके भरून त्या गावोगाव पाठविल्या जात आणि वाहतुकीचा खर्च संस्थान सोशी. वाचकाने ग्रंथालयापर्यंत यावे याची वाट न पाहता ग्रंथालयाने वाचकाच्या गावी जावे, हा विचार शंभर वर्षांपूर्वीचा आहे आणि तो एका मराठी राजाने अंमलात आणला. मालाचा नमुना घेऊन गावोगाव फिरणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंना त्याची महती वेगळी सांगावी लागू नये.

मुंबईत हाच प्रयोग गिरणगावात झाला. नारायण मल्हार जोशी यांनी १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीगची स्थापना केली. या संस्थेने कामगारवस्तीत रात्रशाळा चालविल्या, मोफत वाचनालये उघडली आणि पुस्तकांच्या पेट्या वस्त्यांतून फिरविल्या. गिरणीत लागलेला सोळा-सतरा वर्षांचा मुलगा दिवसा दादर-गिरगावच्या ग्रंथालयात जाणे शक्य नव्हते, त्याच्या चाळीत पेटी आली तरच पुस्तक त्याच्या हाती पडणार. त्याला उन्हाळी सुट्टी नव्हतीच, हेही येथे नमूद केले पाहिजे. सुट्टीतील वाचन ही ज्यांना सुट्टी मिळते त्यांचीच चैन आहे.

सुट्टीसाठी म्हणून मुद्दाम वाचन-उपक्रम आखण्याची प्रथा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत रुजली. क्लीव्हलंडसारख्या शहरांतील सार्वजनिक ग्रंथालयांनी मुलांना सुट्टीत वाचावयाच्या पुस्तकांच्या याद्या देणे, वाचलेल्या पुस्तकांची नोंद ठेवणे असे उपक्रम सुरू केले, आणि आज ती त्या देशातील जवळजवळ प्रत्येक गावची रीत झाली आहे. त्याचा उपयोग किती, हे बार्बरा हेन्स या संशोधिकेने अटलांटा शहरातील सहावी-सातवीच्या सुमारे तीन हजार विद्यार्थ्यांचा अभ्यास करून १९७८ मध्ये मांडले. सुट्टीत सहा किंवा अधिक पुस्तके वाचणाऱ्या मुलांची प्रगती, न वाचणाऱ्यांपेक्षा ठळकपणे अधिक होती, मग घरची परिस्थिती कशीही असो. त्या अभ्यासातील दुसरा निष्कर्ष मला अधिक महत्त्वाचा वाटतो. ग्रंथालय घरापासून जितके जवळ, तितका मुलांचा त्याचा वापर अधिक. आईवडिलांच्या पदव्या, मुलाची बुद्धी यांची चर्चा आपण पुष्कळ करतो, पण पायी किती मिनिटे लागतात हा प्रश्न कोणी विचारीत नाही.

अँटॉप हिलच्या रहिवाशांना हा प्रश्न चांगलाच परिचित आहे. आमच्या शाळकरी वयात, म्हणजे १९७०च्या दशकात, येथून दादरच्या ग्रंथसंग्रहालयापर्यंत पायी जायला पाऊण तास लागे. मे महिन्याच्या उन्हात ते अंतर दुप्पट वाटे. बसचे पैसे वाचवून त्यातून मासिक घेणे, की पुस्तक बदलायला बसने जाणे, असा हिशेब आम्ही मुले करीत असू. व्यापारी घरातील मुलांची आणखी एक अडचण होती. मे महिना म्हणजे लग्नसराई. शाळेला सुट्टी लागली की पंधरा वर्षांचा मुलगा दुकानात हाताखाली आलाच पाहिजे, असा सर्वसाधारण दंडक होता. हिंदमात्याच्या कापडबाजारात दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक मंद असे, तेवढाच वेळ वडील सोडीत. आणि नेमक्या त्याच वेळी बहुतेक वाचनालये बंद! सकाळी आणि संध्याकाळी उघडणारी ती वेळ कचेरीला जाणाऱ्या सभासदाच्या सोयीची होती. मुलींची गोष्ट निराळीच. संध्याकाळी एकटीने दादरला जाण्यास घरून संमती नसे, त्यामुळे त्यांना भावाने निवडून आणलेल्या पुस्तकांवरच भागवावे लागे.

वाचनालयात पोहोचल्यावरही पुस्तक लगेच हाती येत नसे. कपाटे काउंटरच्या पलीकडे असत. यादीत पाहून चिठ्ठीवर क्रमांक लिहावयाचा, कर्मचारी आत जाऊन पुस्तक आणणार, नसले तर दुसरा क्रमांक लिहावयाचा. ज्याला काय हवे ते नक्की ठाऊक आहे, त्याच्यासाठी ही पद्धत ठीक आहे. पंधराव्या वर्षी आपल्याला काय हवे ते ठाऊक नसते. आमच्या धंद्यात ठाण उलगडून दाखविल्याशिवाय गिऱ्हाईक कापड घेत नाही, पोताला हात लावून पाहते, चार ठाणे नाकारते, मग पाचवे निवडते. नुसती यादी वाचून कोणी साडी घेतली आहे काय? पुस्तके हरवतात, पाने फाडली जातात, म्हणून ही दक्षता घ्यावी लागते, असे सांगितले जाते आणि त्यात तथ्य आहे. परंतु मालाला हात लागू न देणाऱ्या दुकानात माल सुरक्षित राहतो एवढेच. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली, त्यांचा सारा भर पुस्तके वापरली जावीत यावर आहे आणि वाचकाने स्वतः कपाटापर्यंत जावे याचे ते पुरस्कर्ते होते.

याच दशकात एक बदल असा घडला की ज्याने सुट्टीतील वाचनाला अनपेक्षित बळ मिळाले. महाराष्ट्रात १९७५ पासून शालान्त परीक्षा अकरावीऐवजी दहावीला होऊ लागली. मार्चमध्ये परीक्षा, जूनमध्ये निकाल, आणि मधल्या अडीच-तीन महिन्यांत ना पाठ्यपुस्तक, ना शिकवणी. आयुष्यात असा मोकळा काळ पुन्हा मिळत नाही. माझ्या पिढीतील ज्या कोणाला वाचनाची गोडी आहे, त्याला विचारून पाहावे. शंभरातील निम्मे तरी दहावीच्या सुट्टीचे नाव घेतील, असा माझा अनुभव आहे.

या वयाला वाचायला काय द्यावे हा प्रश्न तेव्हाही होता. ‘किशोर’ मासिक १९७१च्या नोव्हेंबरात सुरू झाले आणि शाळकरी मुलांना एक दर्जेदार मासिक मिळाले. ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, त्यांनीच मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न, ही वाट चौदाव्या वर्षापर्यंत नेऊन सोडी. पुढे काय? बालविभागातील पुस्तके लहान वाटू लागतात आणि मोठ्यांच्या विभागाचे सभासदत्व वडिलांच्या नावावर असते. मधली फळी बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांनी भरून काढली. शिक्षक नाके मुरडीत, पण मुले पानामागून पान वाचीत आणि वाचनाचा वेग त्यातून येई. मग कोणी तरी ‘स्वामी’ (१९६२) किंवा ‘मृत्युंजय’ (१९६७) हाती ठेवी आणि मुलगा मोठ्यांच्या कपाटाकडे सरके. ‘बनगरवाडी’ (१९५५) तर आकाराने लहान आणि भाषेने सोपी, या वयासाठीच लिहिल्यासारखी. अलीकडच्या काळात प्रकाश नारायण संतांच्या लंपनने ही उणीव काही अंशी भरून काढली, असे म्हणता येईल. आश्चर्य याचे वाटते की ही पुस्तके एका कपाटात, ‘कुमारांसाठी’ अशी पाटी लावून, मी फारच थोड्या ठिकाणी पाहिली आहेत.

शासनाने १९६७ मध्ये महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम संमत केला. ग्रंथालयांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी होऊन अनुदान मिळू लागले. मद्रास राज्याने १९४८च्या कायद्यात ग्रंथालय-उपकराची तरतूद केली होती, आपल्या कायद्यात ती नाही. परिणामी ग्रंथालये अनुदान आणि सभासदांची वर्गणी यांवरच विसंबून राहिली. कमी उत्पन्नाच्या संस्थेने दुपारच्या वेळेसाठी जादा कर्मचारी कोठून नेमावा, हाही विचार करायला हवा. केवळ टीका करून भागणार नाही. उन्हाळ्यात मुलांना दोन महिन्यांचे सवलतीचे सभासदत्व देणे, कथाकथन, हस्ताक्षर व निबंध स्पर्धा घेणे असे उपक्रम अनेक ग्रंथालयांनी तुटपुंज्या साधनांवर चालविले, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. प्रकाशभाई मोहाडीकरांनी साने गुरुजींच्या स्मरणार्थ चालविलेल्या कथामालेचे कार्यही याच परंपरेतले.

ग्रंथांचे जतन म्हटले की आपल्या समाजाला पाटण, जैसलमेर आणि विदर्भातील कारंजा येथील भांडारांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. कीड, ओल आणि आक्रमणे यांपासून हस्तलिखिते वाचविण्याची विद्या आपल्या पूर्वजांना साधली होती. ज्येष्ठ शुद्ध पंचमीस, म्हणजे बहुधा सुट्टीच्या अखेरीस, श्रुतपंचमीनिमित्त ग्रंथपूजन होते. जपणे हे भांडाराचे काम आणि फिरविणे हे सार्वजनिक ग्रंथालयाचे. दोन्हींची शिस्त वेगळी आहे, आणि पहिलीची सवय असलेल्या माणसास दुसरी अंगवळणी पडायला वेळ लागतो.

अलीकडच्या घडामोडींपैकी दोनच सांगतो. पाचगणीजवळील भिलार येथे ४ मे २०१७ रोजी ‘पुस्तकांचं गाव’ सुरू झाले. स्ट्रॉबेरी पिकविणाऱ्या गावकऱ्यांनी घराच्या ओसरीत, खोलीत पुस्तके मांडली. कोणीही यावे, उचलावे, बसून वाचावे, पैसे नाहीत, चिठ्ठी नाही. मुहूर्त मे महिन्याचा निवडला गेला, हे मला विशेष वाटते. महाबळेश्वर-पाचगणीस सुट्टीत जाणाऱ्या आपल्यातील कुटुंबांनी तेथे मुलांना घेऊन एक दुपार अवश्य काढावी. दुसरी घटना दुःखद. करोनाच्या साथीमुळे २०२० आणि २०२१ असे लागोपाठ दोन उन्हाळे ग्रंथालयांची दारे बंद राहिली. त्या दोन वर्षांत जी मुले तेरा-चौदाची होती, त्यांच्या हाती पुस्तकाऐवजी मोबाईल आला, तोही शाळेच्याच निमित्ताने. दूरदर्शन मुंबईत आले १९७२ मध्ये, तेव्हा वाचन संपले अशी ओरड झाली होती आणि तसे झाले नाही. म्हणून मी निराश नाही. परंतु दूरदर्शनचा संच भिंतीपाशी असे आणि संध्याकाळी सुरू होई, मोबाईल खिशात असतो, हा फरक विसरून चालणार नाही.

बडोद्याच्या पेटीची कल्पना अँटॉप हिलला आजही लागू पडते, असे माझे मत आहे. परीक्षा संपल्या की दादरच्या एखाद्या ग्रंथालयाकडून संस्थात्मक सभासदत्वावर शे-सव्वाशे पुस्तके दहा आठवड्यांसाठी आणावीत. काणे नगर, प्रतीक्षा नगर येथील मुलांना पायी येता येईल अशा ठिकाणी ती टेबलावर उघडी मांडावीत, आणि वेळ दुपारी दोन ते पाच ठेवावी. चार-दोन पुस्तके गहाळ होतील. ठाण कापताना चिंधी निघते, तेवढा तोटा गृहीत धरून वर्गणी गोळा करावी. निवड करणाऱ्यांत दोन मुली असाव्यात. रात्री पेटीला कुलूप लावावे लागेलच, त्याची किल्ली मात्र त्या वर्षी दहावीची परीक्षा दिलेल्या एखाद्या मुलाकडे किंवा मुलीकडे द्यावी.