पूल खचतो तो पाण्याखाली : महाडच्या सावित्री दुर्घटनेची माहिती आणि आपल्या गावच्या पुलाकडे काय बघायचं

खालापूर : पावसाळा लागला की पाताळगंगा, उल्हास आणि पेज नद्यांवरच्या पुलांची चर्चा सुरू होते आणि पावसाबरोबरच ती ओसरते. रायगड जिल्ह्याने मात्र एका पुलाची फार मोठी किंमत मोजलेली आहे. त्या घटनेची नीट माहिती, पूल नेमका का पडतो आणि कुठला पूल कोणाच्या ताब्यात असतो, हे कर्जत-खालापूरच्या प्रत्येक गावाला ठाऊक असायला हवं.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ मुंबई-गोवा महामार्गावरचा सावित्री नदीचा जुना पूल कोसळला. १९२८ साली बांधलेला हा इंग्रजांच्या काळातला दगडी कमानींचा पूल. शेजारी नवा पूल झाला होता, तरी मुंबईकडे येणारी वाहनं जुन्याच पुलावरून सोडली जात. महाबळेश्वरच्या डोंगरात धो धो पाऊस पडल्याने सावित्रीला मोठा पूर होता. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन एसटी गाड्या आणि काही खासगी वाहनं त्या अंधारात थेट नदीत गेली. चाळीसच्या आसपास माणसं गेली. पुलाजवळच्या गॅरेजमधल्या एका कामगाराच्या लक्षात आलं, त्याने रस्त्यावर येऊन वाहनं थांबवली, म्हणून पुढचे जीव वाचले.

नौदल, एनडीआरएफ, स्थानिक मच्छीमार सगळे शोधाला लागले. क्रेनला ३०० किलोचं लोहचुंबक बांधून नदीचा तळ धुंडाळला गेला. तरी पहिल्या एसटीचा सांगाडा सापडायला आठवडा उलटून गेला. काही मृतदेह वाहत थेट समुद्रकिनाऱ्याला लागले. काही घरांना शेवटपर्यंत काहीच हाती लागलं नाही.

यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. त्याच वर्षी मे महिन्यात या पुलाची पाहणी झाली होती आणि पुलाला धोका नसल्याचं सांगण्यात आलं होतं. ही माहिती दुर्घटनेनंतर सरकारनेच दिली. म्हणजे पुलाकडे कोणी बघितलंच नाही असं नाही. बघितलं, आणि तीन महिन्यांच्या आत पूल गेला.

मे महिन्यात का दिसत नाही?

नदीवरचा पूल बहुतेक वेळा वरून मोडत नाही, खालून पोकळ होतो. पुराचं पाणी पुलाच्या खांबावर आदळलं की दोन्ही बाजूंनी वेगाने वळतं आणि खांबाच्या बुडाशी भोवरा तयार होतो. हा भोवरा पायाजवळची वाळू-माती उपसून नेतो. समुद्राच्या लाटेत उभं राहिल्यावर पायाखालची वाळू सरकते ना, तोच प्रकार. खांबाला ओंडके, झाडं, कचरा अडकलेला असेल तर भोवरा आणखी जोर धरतो. नदीतून वाळू उपसलेली असेल तर पात्रच खाली जातं आणि पाया उघडा पडू लागतो.

आता गंमत अशी, की पूर ओसरताना तोच खड्डा गाळाने परत भरतो. उन्हाळ्यात पात्र कोरडं असताना वरून पाहिलं तर सगळं जागच्या जागी दिसतं. पण हा नवा गाळ भुसभुशीत असतो, पुढच्या पुरात पहिल्या तडाख्याला निघून जातो. म्हणून नुसतं पुलावर उभं राहून केलेली पाहणी पुरेशी नसते. पाया किती खोल आहे, पात्र पूर्वीपेक्षा किती खाली गेलं, हे मोजावं लागतं. खोल पाणी असेल तर पाणबुड्या उतरवून तपासणी करावी लागते. कमानीच्या पुलात आणखी एक अडचण. कमानी एकमेकींना रेटून उभ्या असतात. मधला एक खांब गेला की शेजारच्या कमानींचा आधार जातो आणि एकामागून एक कोसळतात.

जुना पूल म्हणजे धोकादायक असं सरसकट समजू नये. आपल्या डोक्यावरच्या खंडाळा घाटातला अमृतांजन पूल १८३० चा. एप्रिल २०२० मध्ये लॉकडाऊनच्या काळात तो स्फोटाने पाडावा लागला, तोही वाहतुकीला अडथळा होतो म्हणून. १९० वर्षं उभा राहिला, पण त्याच्या पायाशी नदीचा पूर नव्हता. सावित्रीचा पूल ८८ वर्षांत गेला. उलट गुजरातमध्ये वडोदऱ्याजवळचा मही नदीवरचा गंभीरा पूल १९८५ चा, म्हणजे चाळीस वर्षांचाच. तो ९ जुलै २०२५ रोजी भर दिवसा तुटला आणि वीसहून जास्त माणसं गेली. वयापेक्षा देखभाल बघायची.

गावातून काय दिसतं?

इंजिनिअर नसलं तरी बरंच कळतं. पुलाच्या एका टोकाला उभं राहून कथड्याच्या रेषेत नजर टाकावी. कुठे खोलगट किंवा वाकडी दिसली तर खालचा खांब बसला असण्याची शक्यता असते. दगडाच्या सांध्यांतून पिंपळ-उंबर उगवला असेल तर मुळं आतला चुना फोडत असतात. वरून फांद्या छाटून उपयोग नाही, मुळासकट काढून सांधा भरावा लागतो. पाणी जायची भोकं बुजली की पाणी पुलाच्या अंगात मुरतं, काँक्रीटच्या पुलात सळया गंजतात आणि खालून खपल्या पडतात. दोन स्लॅबच्या जोडावर गाडीला नवीन दणका बसू लागला तर तेही लक्षात ठेवावं.

मोबाईलचा इथे खरा उपयोग आहे. दरवर्षी पावसाआधी आणि दिवाळीत, ठरलेल्या एकाच जागेवरून खांबांच्या बुडाचे फोटो काढून ठेवले, तर गेल्या वर्षी मातीत असलेला पाया यंदा उघडा पडला का, हे कोणालाही दाखवता येतं. तोंडी तक्रारीपेक्षा असे दोन वर्षांचे दोन फोटो जड पडतात.

पूल कोणाचा?

इथेच बहुतेक तक्रारी अडकतात. ग्रामपंचायत म्हणते आमचा नाही, बांधकाम खातं म्हणतं जिल्हा परिषदेचा. साधारण असं आहे : एक्स्प्रेस वे रस्ते विकास महामंडळाकडे, म्हणजे एमएसआरडीसीकडे. राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण रस्ते जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे. खोपोली, कर्जत, खालापूर शहरांतले अंतर्गत रस्ते तिथल्या नगरपालिका-नगरपंचायतीकडे. वाड्या-पाड्यांना जोडणारे साकव सगळ्यात दुर्लक्षित. बांधताना उद्घाटन होतं, नंतर तो कुणाच्या वहीत आहे हेच सापडत नाही.

शोधायचा सोपा मार्ग माहितीच्या अधिकाराचा. १० रुपयांचा अर्ज, ३० दिवसांत उत्तर बंधनकारक. जिवाला धोका असल्याचा विषय असेल तर कायद्यात ४८ तासांची मुदत आहे. अर्जात मोघम लिहू नये. पुलाचं बांधकाम वर्ष, शेवटची पाहणी कधी व कोणी केली, त्या अहवालाची प्रत, पायाची तपासणी झाली का, पूल किती वजनासाठी योग्य आहे, एवढंच विचारावं. अहवालात 'दुरुस्ती आवश्यक' असं लिहिलेलं असेल तर ती प्रत जोडून प्रांत आणि तहसीलदारांना निवेदन द्यावं, पोच घ्यावी. ग्रामसभेचा ठराव जोडला तर उत्तमच.

नुसता फलक लावून जबाबदारी संपत नाही, हे मावळातल्या कुंडमळ्याने दाखवलं. इंद्रायणीवरचा तो लोखंडी पूल धोकादायक म्हणून माहीत होता, नव्या पुलाला निधीही मंजूर होता, पण जुना बंद झाला नाही. १५ जून २०२५ च्या रविवारी पर्यटकांची गर्दी झाली, पूल कोसळला, चार जण गेले. कर्जत-खालापुरात शनिवार-रविवारी धबधब्यांवर येणारी गर्दी बघता, इथल्या साकवांनाही हे लागू आहे. साकव चार माणसं आणि एखादं जनावर जाईल या हिशेबाने बांधलेला असतो, शंभर जण उभे राहून सेल्फी काढतील म्हणून नव्हे.

पूर असताना पाणी पुलाच्या स्लॅबला टेकलं असेल किंवा वरून वाहत असेल, तर ओळखीचा रस्ता असला तरी जाऊ नये. वाहतं पाणी अर्धा फूट असलं तरी माणसाचा पाय सुटतो आणि दोन फुटांत मोटार तरंगू लागते. पुलाचा भाग खचलेला दिसला तर आधी दोन्ही बाजूंनी वाहनं अडवावीत. रात्री बॅटरी, गाडीचे दिवे, जे असेल ते वापरावं. त्यानंतर ११२ ला फोन, आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाला १०७७ वर.

महाडला नवा पूल १६५ दिवसांत बांधून झाला आणि ५ जून २०१७ रोजी तो वाहतुकीला खुला झाला. त्यानंतर दोनच महिन्यांनी केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी लोकसभेत सांगितलं, की देशातले शंभर पूल कधीही पडू शकतील अशा अवस्थेत आहेत.