कल्याणच्या बत्तीस तबकड्या

कल्याणच्या इतिहासावर बोलायला उभं राहिलं की क्रम ठरलेला असतो. सातवाहनकाळातलं बंदर, दुर्गाडी, शिवाजी महाराजांचं आरमार, रेल्वे जंक्शन, आनंदीबाई जोशी, फाळणीनंतरचं उल्हासनगर. मीही डोंबिवली-कल्याणात अशी भाषणं केली आहेत. त्यामुळे रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्याविषयी वाचताना ‘कल्याण’ हा शब्द समोर आला तेव्हा मला वाटलं, हे दुसरं कुठलं तरी कल्याण असणार. ते आपलंच निघालं. 1965 ते 1968 या काळात इथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेची रेडिओ दुर्बीण सूर्याचं निरीक्षण करत होती. आणि तिच्या बत्तीसच्या बत्तीस तबकड्या वापरलेल्या होत्या.

त्या आधी होत्या सिडनीत. शहराच्या पश्चिम भागात पॉट्स हिल नावाचा जलाशय आहे. त्याच्या काठाने विल्बर ख्रिस्तियनसेन यांनी 1951-52 च्या सुमारास सहा फूट व्यासाच्या 32 तबकड्या सुमारे 700 फूट लांबीच्या एका रांगेत उभ्या केल्या. विचार साधा, पण विलक्षण होता. रेडिओ लहरींतून सूर्याचे बारकावे बघायचे तर शेकडो फूट रुंदीची तबकडी हवी. ती बांधणं अशक्य. मग तेवढ्या लांबीवर लहान लहान तबकड्या मांडायच्या आणि त्यांचे संकेत तारांनी एकत्र आणायचे. कॉलेजच्या प्रयोगशाळेत प्रकाशाचा वर्णपट पाडायला जी बारीक रेघांची काच वापरतात, तिचंच हे अवाढव्य रूप. सूर्य आकाशात सरके तशा या तबकड्या हाताने फिरवाव्या लागत.

दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतले दोन तरुण, गोविंद स्वरूप आणि आर. पार्थसारथी, 1953 मध्ये कोलंबो योजनेखाली सिडनीला गेले. त्यांनी हीच रांग 21 सेंटिमीटरऐवजी 60 सेंटिमीटर तरंगलांबीसाठी बदलून घेतली. त्यांना सूर्याची कड मध्यापेक्षा उजळ दिसली. कारण असं, की मध्यावर आपली नजर सरळ आत, थंड थरापर्यंत उतरते. कडेला मात्र ती दहा लाख अंशांच्या प्रभामंडलातून तिरपी, लांबवर जाते. केंब्रिजमधल्या आधीच्या मोजणीत ही उजळ कड सापडली नव्हती. म्हणजे वाद उभा राहिला, आणि तो वाद घेऊनच स्वरूप परतले.

तोवर ख्रिस्तियनसेन यांचं लक्ष नव्या, मोठ्या दुर्बिणीकडे लागलं होतं आणि जुनी रांग निवृत्त व्हायची होती. या तबकड्या भारताला देता येतील का, असं स्वरूप यांनी तिथले प्रमुख जोसेफ पॉझी यांना विचारलं. ऑस्ट्रेलियाने होकार दिला, दिल्लीत के. एस. कृष्णन यांनीही दिला. घोडं अडलं ते जहाजाच्या भाड्यावर. सुमारे 700 पौंड कुणी भरायचे?

अशा ठिकाणी सरकारी बाबूंना चार शब्द सुनावण्याची आपल्याकडे रीत आहे. मला ते जमत नाही. परकीय चलनाची टंचाई त्या दशकात खरीच होती, आणि फुकट मिळालेल्या जुन्या सामानासाठी पौंड मोजायचे हे कोणत्याही हिशोबनिसाला खटकलंच असतं. पण या विलंबाची किंमत पौंडांत मोजता येत नाही. स्वरूप 1956 मध्ये अमेरिकेला गेले. पार्थसारथीही परदेशी गेले. पुढे तबकड्या दिल्लीत आल्या तेव्हा त्यांना जागं करणारी माणसं तिथे नव्हती. सामान आलं होतं, जाणकार पांगले होते.

ते जुळून यायला 1963 उजाडलं. परदेशातल्या चार भारतीय रेडिओ खगोलशास्त्रज्ञांनी 1961 मध्ये मायदेशी परतून गट उभारण्याचा प्रस्ताव पाठवला होता. स्वरूप त्यांतले एक. होमी भाभांनी जानेवारी 1962 मध्ये तारेने होकार कळवला, आणि पुढच्या वर्षी स्वरूप टाटा संस्थेत रुजू झाले. दिल्लीतल्या तबकड्या त्यांच्यामागोमाग मुंबईकडे आल्या.

कल्याणला त्या पुन्हा तशाच रांगेत उभ्या केल्या असत्या तर आज हा लेख लिहिण्याचं कारण उरलं नसतं. पूर्व-पश्चिम दिशेला 24 तबकड्या, 630 मीटरवर. दक्षिणोत्तर उरलेल्या 8, 256 मीटरवर. म्हणजे पॉट्स हिलच्या जवळपास तिप्पट लांबी. निरीक्षण 610 मेगाहर्ट्झवर, म्हणजे सुमारे 49 सेंटिमीटरच्या लहरींवर. मी भौतिकशास्त्र शिकलेलो नाही. वहीत हिशोब मांडून पाहिला. 24 तबकड्यांत 23 अंतरं, प्रत्येकी सत्तावीस-साडेसत्तावीस मीटर. अशा मांडणीची नजर आकाशात अनेक पट्ट्यांवर एकदम पडते, आणि दोन पट्ट्यांतलं अंतर निघतं साधारण एक अंश. सूर्य अर्ध्या अंशाचा. म्हणजे एका वेळी एकच पट्टी सूर्यावर, तीही सुमारे अडीच कलांची. सूर्याचा व्यास बत्तीस कला. पृथ्वी फिरते आणि सूर्य आपणहून त्या पट्टीखालून कापत जातो. हे आकडे जुळले त्या रात्री मला झोप लागली नाही.

यात जुनं होतं ते तबकड्यांचं अंग. नव्या लहरींसाठी त्यांच्या नाभीवरचे ग्राहक आणि पुढची सगळी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा नवी लागणार होती. शिवाय तारांचा प्रश्न. 49 सेंटिमीटरच्या लहरीत पाच सेंटिमीटरची तफावत म्हणजे एक दशांशाची चूक, आणि ऊन चढलं की तारा लांबतात. तारेतून संकेत पाठवून, तो परत आणून तिची खरी विद्युत लांबी मोजण्याची पद्धत स्वरूप यांनी स्टॅनफर्डला असताना विकसित केली होती.

या दुर्बिणीने पुन्हा सूर्याची उजळ कड आणि दहा लाख अंशांचं प्रभामंडल दाखवलं. तोच प्रश्न, त्याच तबकड्या. तरी मला वाटतं, त्यांचा खरा नवा उपयोग वेगळाच झाला. पॉट्स हिलला त्या दुर्बीण होत्या; कल्याणला त्या शाळा झाल्या. प्रशिक्षण शाळेतून नुकती बाहेर पडलेली पोरं इथे हात काळे करून शिकली. त्यांतले विजय कपाही पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राचे प्रमुख झाले. याच गटाने उटीच्या डोंगरउतारावर 530 मीटर लांब आणि 30 मीटर रुंद दुर्बीण बांधली. ती 1970 मध्ये सुरू झाली. त्यानंतर जुन्नर तालुक्यात खोडदची 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्यांची महादुर्बीण आली. कल्याणच्या सगळ्या तबकड्यांचं क्षेत्रफळ एकत्र केलं तरी ते खोडदच्या एका तबकडीच्या एकोणिसाव्या भागाएवढं भरतं. म्हणूनच बहुधा उटी आणि खोडदबद्दल शालेय पुस्तकं बोलतात आणि कल्याण एका ओळीत, पायरी म्हणून, उरकलं जातं. जुन्या सामानावर चाललेल्या शाळेचं स्मारक कोण करतो?

आता माझ्या भाषणात उल्हासनगरनंतर दहा मिनिटं या तबकड्यांची असतात. श्रोत्यांतला एखादा तरी विचारतोच, “म्हणजे सेकंडहँडच होत्या ना त्या?” मी हो म्हणतो, आणि फळ्यावर आडव्या रेघेत चोवीस ठिपके काढायला घेतो.