घोटभर औषध, १५ किलोमीटर नदी

१ जुलै २०१३. इंग्लंडमधल्या मार्लबरो गावाजवळ काही स्वयंसेवक नेहमीसारखे जाळी घेऊन केनेट नदीत उतरले. दगडाखालचे किडे आणि झिंगे मोजायचे, एवढंच काम. त्या दिवशी जाळीत आले ते मेलेले, नाहीतर मरायला टेकलेले.

तपासात क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशक सापडलं. सांडपाणी केंद्रातून नदीत उतरलेलं. जेमतेम घोटभर असावं, असा अंदाज निघाला. तेवढ्यानं सुमारे १५ किलोमीटरमधले झिंगे संपले!

मासे कसे वाचले? हे विष किड्यांसाठी बनवलेलं, आणि झिंगा किड्यांचाच भाऊबंद. पण झिंगा कुजका पाला खातो, मासा झिंग्याला. मधली कडी तुटली की माशांच्या पोटावर पाय.

२०१६ मध्ये ब्रिटननं या औषधाचा जवळजवळ सगळा वापर थांबवला.

आपण हेच औषध वाळवी-हुमणीला वापरतो. आणि पंप धुतो कुठे? ओढ्यावर. केनेटचं कळलं, कारण तिथं मोजणारे होते. आपल्या ओढ्यातले झिंगे कधी कमी झाले, कुणी मोजलंय का?

निदान पंप तरी ओढ्यापासून लांब धुवा, मंडळी.