ऐकलेले शेतात कसे उतरते?

श्रोतेहो, शेतीविषयीच्या माहितीला आज तोटा नाही. कृषी खात्याचे ‘शेतकरी’ मासिक आहे, शेतीला वाहिलेले दैनिक आहे, आकाशवाणी आहे, दूरदर्शन आहे, आणि आता हातात मोबाइलही आला आहे. मग यांतले धरावे काय अन् सोडावे काय? या प्रश्नाचे उत्तर आपल्याच इतिहासात सापडते.

महात्मा फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ साली पुरा केला. पण ज्याच्यासाठी लिहिला, त्या शेतकऱ्याला वाचता कुठे येत होते? म्हणून जोतीराव तो वाचून दाखवीत. पुण्यामुंबईत तर खरेच, पण जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणीही ही वाचने झाली. पुढे मुकुंदराव पाटलांनी १९१० साली ‘दीनमित्र’ साप्ताहिक काढले. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून ते कितीतरी वर्षे निघत राहिले. खेड्याचे गाऱ्हाणे खेड्यातच छापले जाऊ लागले, ही काही लहान गोष्ट नव्हे.

तरीही अक्षराची अडचण उरलीच. १९५१ च्या जनगणनेत देशात शंभरांत सुमारे अठराच माणसे साक्षर निघाली. अशा वेळी रेडिओ आला. ऐकायला अक्षर लागत नाही. परंतु नुसते ऐकून भागते का? हे पाहण्यासाठी १९५६ साली आपल्याकडे एक मोठा प्रयोग झाला.

त्याची कल्पना कॅनडातली. तिथे १९४१ पासून शेतकरी शेजारीपाजारी जमून रेडिओ ऐकत आणि त्यावर चर्चा करीत. युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीने तीच रीत पुणे केंद्रावरून अजमावली. तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या पाच मराठी जिल्ह्यांत सुमारे दीडशे गावे निवडली. प्रत्येक गावी वीसएक जणांचे श्रोतृमंडळ केले. दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचा कार्यक्रम लागे. तो संपला की रेडिओ बंद आणि मंडळी बोलू लागत. निमंत्रक चर्चेचे टिपण केंद्राकडे पाठवी. गावाच्या शंकांना पुढच्या कार्यक्रमातून उत्तर मिळे. म्हणजे रेडिओ बोलत होता, तसा गावाचे ऐकतही होता.

टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे पॉल नॉयराथ या समाजशास्त्रज्ञाने या प्रयोगाची तपासणी केली. मंडळांची गावे, नुसता रेडिओ असलेली गावे आणि रेडिओ नसलेली गावे, अशी तुलना केली. मंडळांच्या गावांत लोकांची माहिती ठळकपणे वाढलेली दिसली. जिथे नुसता रेडिओ होता, तिथे मात्र फरक नगण्य! यंत्र तेच, आवाज तोच. फरक पडला तो एकत्र बसण्याने आणि विचारण्याने.

१९५९ पासून ही मंडळे देशभर सुरू झाली आणि त्यांची संख्या हजारोंवर गेली. पण संख्या वाढली, तशी पहिल्या प्रयोगाइतकी निगा राहिली नाही. प्रश्नाला उत्तर येईना झाले की माणूस चर्चेला बसत नाही, हा साधा व्यवहार आहे.

तेव्हा मंडळी, कोणते मासिक, कोणता कार्यक्रम धरावा याची एक सोपी कसोटी सांगतो. सांगणारा कोण, हे तो उघड सांगतो का? जमीन कोणती, पाणी किती, हंगाम कोणता, हे बोलतो का? आणि आपण उलट विचारले, तर उत्तर देतो का? मोबाइलवर निनावी आलेला औषधाचा सल्ला या कसोटीला उतरत नसेल, तर त्यापायी फवारणीचा खर्च करू नये.

शिक्षकांना एक विनंती आहे. आठवड्यातून एक संध्याकाळ शाळेची ओसरी मोकळी ठेवा. एक कार्यक्रम ऐकावा किंवा एक लेख मोठ्याने वाचावा, आणि मग बोलावे. बियाणे राखणाऱ्या, खुरपणी करणाऱ्या बायाबापड्यांनाही त्या बैठकीत बसवा. शेताची निम्मी माहिती त्यांच्यापाशीच असते. उठलेल्या शंका वहीत उतरवून कृषी विद्यापीठाकडे किंवा आकाशवाणीकडे धाडा. याला वही, पेन आणि थोडी चिकाटी एवढेच लागते.