गप्पांचे दप्तर

गप्पा आपल्याकडे मारायच्या असतात. उडी मारावी, थाप मारावी, त्याच सहजतेने मराठी माणूस संध्याकाळी पारावर बसून गप्पा मारतो, आणि हे क्रियापद आपल्या रांगड्या स्वभावातून आले असावे अशी माझी बरीच वर्षे समजूत होती. पुढे फारसीची थोडीबहुत ओळख झाली तेव्हा ध्यानात आले की त्या भाषेतही बोलत बसण्याला 'गप झदन' म्हणतात आणि 'झदन' या धातूचा अर्थ मारणे असाच आहे. तेव्हा सुलतानी अमलात दरबारी लिखापढीबरोबर जे शब्द आपल्या अंगणात उतरले, त्यांपैकी हा एक आपले क्रियापद बगलेत घेऊनच उतरला असावा. खबर आणि हकिकत त्याच वाटेने आल्या. अफवा ही तर मुळात अरबी 'अफवाह', म्हणजे नुसती 'तोंडे'; बातमीला पाय असतात की नाही हे ठाऊक नाही, पण अफवेला तोंडांखेरीज दुसरा अवयव नसतो हे त्या शब्दाच्या जन्मातच लिहिलेले आहे. आणि मौज अशी की ज्या भाषेत 'गप्पा' म्हणजे अखंड बोलणे, त्याच भाषेत 'गप्प' म्हणजे मौन. व्युत्पत्तिशास्त्र हे दोन शब्द वेगळे मानो वा एक. एकाने गप्पा माराव्यात आणि भोवतालच्या दहांनी गप्प बसावे ही वहिवाट मात्र आपल्या गावगाड्यात पुष्कळ काळ चालत आलेली आहे, आणि तिचाच थोडा शोध येथे घ्यावयाचा आहे.

या विषयाला हात घालणाऱ्याची पहिली अडचण साधनांची. राजकारणाला दप्तर असते, गप्पांना नसते. पुण्याच्या पेशवे दप्तरातून गोविंद सखाराम सरदेसाई यांनी निवडून छापलेले 45 खंड चाळले, तर वकिलांची पत्रे, जासुदांनी आणलेल्या बातम्या, खर्डे, याद्या, जमाखर्च यांची रास सापडते; परंतु ज्या रात्री ती पत्रे शनिवारवाड्यात उघडली गेली, त्या रात्री कसबा पेठेतल्या एखाद्या ओट्यावर लोक काय बोलले, याची नोंद करणारा कारकून कोणी नेमलेला नव्हता. म्हणून अशा बोलण्याचा माग काढावयाचा तर त्याने मागे ठेवलेल्या परिणामांवरूनच काढावा लागतो. पाखरू दिसत नाही, पण फांदी हललेली दिसते.

तशी एक फांदी पानिपतानंतर फार जोराने हलली. 14 जानेवारी 1761 रोजी रणांगणावर जे घडले त्याची बातमी नानासाहेब पेशव्यांना उत्तरेच्या वाटेवर असताना एका सावकारी पत्रातून लागली, आणि ते पत्र मोती, मोहरा आणि खुर्दा यांच्या सांकेतिक भाषेत होते असे सांगतात. बातमी आली, पण सदाशिवरावभाऊंचे काय झाले याविषयी निःशंक असे काही लोकांच्या मनात ठरेना. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई यांनी सौभाग्यलेणे उतरविले नाही. आता ज्या शहरात धनीण कुंकू लावून वावरते, त्या शहरातल्या ओट्यांवर धनी जिवंत असल्याची चर्चा न झाली तरच नवल. आणि या चर्चेच्या पुरचुंडीत पुढे एक माणूस आयता येऊन बसला. बुंदेलखंडाकडच्या एका कनोजी ब्राह्मणाने आपणच भाऊ असल्याचा बहाणा केला, पेशवाईने त्याला पकडून रत्नागिरीच्या किल्ल्यात ठेवले, 1776 मध्ये तो तेथून बाहेर पडला आणि पाहता पाहता कोकणातील किल्ले त्याच्या हाती आले. पंधरा वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाच्या नावावर फौज जमते, गड मिळतात, जाणती माणसे जाऊन मुजरा करतात, याचा अर्थ ती पंधरा वर्षे कोणीतरी त्या मेलेल्याला रोज बोलण्यात जिवंत ठेवीत होते. त्याच वर्षाच्या अखेरीस तोतया आंग्र्यांच्या हाती सापडला आणि पुण्यात त्याला देहान्त शासन झाले. न. चिं. केळकरांनी यावर नाटक लिहिले; परंतु माझ्या मते त्या कथेचा नायक तोतया नसून पारावर बसलेला निनावी बोलका मनुष्य आहे.

नारायणरावांच्या 1773 मधील वधासंबंधी 'ध'चा 'मा' केल्याची जी गोष्ट आजही मुले शाळेत जाण्यापूर्वीच शिकतात, तिचाही मूळ मालक हाच. अस्सल पत्रातील एक अक्षर बदलले की नाही याचा निर्णय इतिहासपंडितांनी करावा. लोकांनी तो तेव्हाच करून टाकला आणि नारायणरावांच्या काकू आनंदीबाईंना त्यावर अपील ठेवले नाही.

शहराचा ओटा तसा खेड्याचा पार आणि चावडी. चावडी सरकारची, तेथे पाटील, कुलकर्णी, चौगुला, वसुलीचा तगादा आणि कधी मामलेदाराचा शिपाई. पार देवाचा आणि झाडाचा, म्हणून सर्वांचा, असे आपण लिहितो. ते खरे नाही. गावात परगावची बातमी आणणारा माणूस म्हणजे गावकामगार महार: मयताचा सांगावा घेऊन ऊनपावसात चार कोस चालत जाणारा तो, सरकारी टपाल पुढच्या गावी पोहोचविणारा तो, परक्या माणसाला वाट दाखविणारा आणि म्हणून वाटेवरच्या सगळ्या घडामोडी जाणणारा तोच. गावातील सर्वांत ताजी खबर ज्याच्याजवळ असे, तो पाराच्या खाली, अंतर राखून, उभा राहून ती सांगे. आणि वर बसलेली मंडळी तीच खबर घेऊन तासभर बोलत असत. बातमी आणणारा एक आणि तिचा उपभोग घेणारे दुसरे, ही वाटणी या चालीच्या मुळाशी आहे. 31 जानेवारी 1920 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या पहिल्या पाक्षिकाला 'मूकनायक' हे नाव दिले तेव्हा त्या शब्दात शतकांची ही गप्पगिरी मोजून ठेवलेली होती. बाबासाहेब ज्या वतनी चाकरीविरुद्ध लढले, ती मुंबई राज्यात कायद्याने बंद व्हावयास 1958 साल उजाडावे लागले.

बायकांचा पार म्हणजे पाणवठा. नळ घरात येण्यापूर्वी पुण्यात कात्रजच्या तलावातून आणलेले पाणी ठिकठिकाणच्या हौदांत पडे, आणि हौद जेथे तेथे बोलणे. तेथेही रांग होती, तेथेही शिवाशिव होती. 1868 मध्ये जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला तेव्हा पाण्याबरोबर काठावर उभे राहून चार शब्द बोलण्याची जागाही त्यांनी दिली, ही गोष्ट चरित्रकारांनी फारशी लक्षात घेतलेली दिसत नाही.

मग छापखाना आला. 6 जानेवारी 1832 रोजी मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' निघाले, एका रकान्यात इंग्रजी व दुसऱ्यात मराठी. आणि त्यानंतर अर्धशतकाच्या आत 'प्रभाकर', 'ज्ञानप्रकाश', 'दीनबंधु', 'केसरी' अशी पत्रे उभी राहिली. बातमी आता छापून येणार, तेव्हा तोंडी बोलण्याचा बाजार उठेल असे कोणाला वाटले असेल, तर त्याने मराठी माणसाला ओळखले नव्हते. पत्र एक, ऐकणारे दहा, अशी स्थिती होती. साक्षर मनुष्य ओट्यावर बसून मोठ्याने वाची आणि प्रत्येक परिच्छेदाला थांबा मिळे, कारण मजकूर दोन ओळींचा असला तरी त्यावरील भाष्य अर्ध्या घटकेचे असे. 1848 मध्ये पुण्यात लोकहितवादींच्या पुढाकाराने जी सार्वजनिक लायब्ररी निघाली आणि जिचे आज पुणे नगर वाचन मंदिर झाले आहे, तिच्यासारख्या संस्थांनी वाचनाला शिस्त लावली व 'शांतता राखा' अशी पाटी दिली. तेव्हा बोलणारी मंडळी उठून दाराबाहेरच्या पायरीवर आली. वाचनालयाची पायरी हे गप्पांच्या भूगोलातील एक स्वतंत्र स्थळ आहे, आणि माझ्या विद्यार्थिदशेतील अर्धे शिक्षण अशाच एका पायरीवर झाले आहे.

छापील बातमी आणि तोंडी चर्चा यांची खरी झटापट पुण्याने 1890 मध्ये पाहिली. गोपाळराव जोशी, डॉक्टर आनंदीबाईंचे पती, हे मोठे विक्षिप्त गृहस्थ. त्यांनी शहरातील प्रतिष्ठित मंडळी जमवून पंचहौद मिशनमध्ये नेली. तेथे मिशनऱ्यांनी चहा व बिस्किटे पुढे केली. काहींनी चहा घेतला, काहींनी पेला हातात धरून बाजूला ठेवला, आणि तेवढ्यावर गोष्ट मिटती. परंतु गोपाळरावांनी उपस्थितांची नावे 'पुणे वैभव' पत्रात छापून आणली. न्यायमूर्ती रानडे आणि टिळक, ज्यांचे एरवी एका वाक्यावरही एकमत होणे कठीण, ते दोघेही त्या एका यादीत. ग्रामण्य उभे राहिले, शंकराचार्यांपर्यंत फिर्याद गेली, चौकशीसाठी माणसे आली, आणि कोणी घोटभर घेतला व कोणी नुसता ओठास लावला याची चर्चा शहराला कित्येक महिने पुरली. शेवटी टिळकांनी काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले आणि रानड्यांनाही प्रायश्चित्त घ्यावे लागले. त्याबद्दल सुधारकांनी त्यांना कधी मनापासून क्षमा केली नाही. या प्रकरणात चहाचा दोष किती आणि धर्माचा किती हे बाजूला ठेवले तरी एक गोष्ट उरते: त्या काळी चहाच्या पेल्याबरोबर बसून बोलण्याची निर्वेध जागा पुण्यात कोठेच नव्हती.

ती जागा इराण्याने दिली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून यझ्द आणि कर्मान या भागांतून मुंबईत आलेल्या इराण्यांनी नाक्यानाक्यावर दुकाने थाटली. कोपऱ्याची जागा अशुभ मानण्याची इथल्या व्यापाऱ्यांची समजूत त्यांच्या पथ्यावर पडली असे म्हणतात. धोबी तलावाजवळचे कयानी 1904 चे, पुण्याच्या डेक्कनवरचे गुडलक 1935 चे. संगमरवरी टेबल, वाकविलेल्या लाकडाच्या खुर्च्या, आरसे, बशीत ओतलेला 'पानी कम' चहा आणि ब्रून-मस्का. गल्ल्यावरच्या शेटजींना गिऱ्हाइकाच्या गोत्राशी सहसा कर्तव्य नसे, त्यांची नजर रिकाम्या पेल्यावर. एका चहावर दोन तास बसणाऱ्या मराठी चौकडीने त्या बिचाऱ्यांचे दिवाळे कसे काढले नाही, हा अर्थशास्त्रातला अनुत्तरित प्रश्न आहे. फारसीतून आलेला 'गप' शब्द मराठी माणसाने फारसी बोलणाऱ्याच्याच दुकानात बसून वापरावा, हा योगायोग मला फार सुखावतो.

गिरणगावात मात्र इतका सुखासीन पसारा नव्हता. दहा-बारा माणसांच्या खोलीत पाळीपाळीने निजणाऱ्या कामगाराला घर म्हणजे पथारी. त्याचे खरे जगणे गॅलरीत, नाक्यावर, तालमीत आणि खानावळीच्या दारात. 22 जुलै 1908 च्या रात्री टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, आणि पुढचे सहा दिवस मुंबईच्या गिरण्यांत हरताळ पडला. आजच्यासारखी साधने नसता एवढ्या गिरण्या बंद पडल्या त्या केवळ पत्रके वाटून नव्हे. बहुसंख्य कामगारांना पत्रक वाचता येत नव्हते. पाळी सुटताना नाक्यावर उभे राहून जे बोलले गेले, त्याच्या जोरावर त्या बंद पडल्या. येथे बातमी आणणारा आणि बोलणारा एकच होता, आणि पाराच्या पायथ्याशी उभा राहणारा माणूस नाक्यावर तरी इतरांच्या बरोबरीने उभा होता. खोल्या आणि पाणवठे मात्र तेथेही जातवार राहिले.

नंतरचा इतिहास सर्वांच्या परिचयाचा आहे. 1927 मध्ये मुंबईत नभोवाणी केंद्र सुरू झाले, 2 ऑक्टोबर 1953 रोजी पुण्यात. रेडिओभोवती माणसे जमली आणि बातम्या संपताच रेडिओ बंद करून बोलू लागली. शिवाजी पार्कच्या मैदानाला वेढणाऱ्या बुटक्या भिंतीला कोणीही 'कट्टा' म्हणून बांधले नव्हते, ती आपोआप झाली. पुण्यातील ओटे रस्तारुंदीत गेले, इराणी एकेक करून मिटले, आणि आता मित्रांचा कंपू खिशातल्या फोनमध्ये बसतो. तेथे सकाळी सुविचार येतो, दुपारी अफवा येते, आणि रात्री कोणीतरी रुसून निघून जातो. तोतयाला त्या काळी पंधरा वर्षे थांबावे लागले होते. आज त्याचे काम दुपारच्या चहापर्यंत उरकते.

राहिला प्रश्न साधनांचा. वरसईच्या विष्णुभट गोडशांनी 1857 च्या धामधुमीत वाटेवर, धर्मशाळांतून, शिपायांच्या तोंडून जे ऐकले ते उतारवयात लिहून ठेवले, आणि 1907 मध्ये ते 'माझा प्रवास' म्हणून छापून निघाले; त्यातील ऐकीव भागाला पुष्कळ पंडितांनी नाके मुरडली, पण काडतुसांची गोष्ट रस्त्यावरचा माणूस कोणत्या शब्दांत सांगत होता हे कळण्यास मराठीत त्याच्या तोडीचे दुसरे पुस्तक मला ठाऊक नाही. असे गोडसे घरोघरी असणार. ज्या वाचकांच्या माळ्यावर आजोबांची रोजनिशी, आत्याची पत्रे किंवा वाण्याच्या वहीच्या मागल्या पानांवर खरडलेल्या दिवसभराच्या हकिकती पडून असतील, त्यांनी रद्दीवाल्याला हाक मारण्यापूर्वी ते बासन एकदा सोडून पाहावे, 'आज असे ऐकले' या शब्दांनी सुरू होणारी पाने वेगळी काढावीत, आणि घरात जपणे होत नसेल तर पुण्याला भारत इतिहास संशोधक मंडळात नेऊन द्यावीत. 1910 पासून ते अशाच बासनांवर उभे आहे.