घराला एक खोली वाढवताना पैसा कुठे वाचतो? भावात थोडा, मापात जास्त

सुगी आटोपली, दिवाळी झाली की गावोगाव खोली वाढवायची कामे निघतात. कुठे मुलाचे लग्न ठरलेले असते, कुठे पत्र्याच्या पडवीवर स्लॅब टाकायचा असतो. घरमालक चार दुकाने फिरतो आणि सिमेंटच्या पोत्यामागे पाच-दहा रुपये कमी करून घेतो. पण दारात उतरलेली वाळू, सळई आणि वीट मोजून घेणारे थोडेच. लहान कामात जास्त पैसा तिथेच गळतो.

आधी यादी, मग दुकान

‘तीन ट्रॉल्या वाळू अन् पन्नास पोती सिमेंट लागंल’ अशा तोंडी अंदाजावर माल आणला की एक तर तो उरतो, नाहीतर ऐनवेळी कमी पडून चढ्या भावाने आणावा लागतो. हिशेब घरीही मांडता येतो. १० बाय १२ फुटांच्या खोलीचा ५ इंच जाडीचा स्लॅब म्हणजे ५० घनफूट, अर्थात अर्धा ब्रास काँक्रीट. त्याला १ : १.५ : ३ या प्रमाणात ११ ते १२ पोती सिमेंट, सुमारे २१ घनफूट वाळू आणि ४२ घनफूट खडी लागते. पाया, कॉलम, बीम, भिंती आणि गिलाव्याचा हिशेब वेगळा. तो तालुक्याच्या इंजिनिअरकडून नकाशासह लिहून घ्यावा. त्याची फी वाया जाणाऱ्या मालातून निघते.

हीच लेखी यादी तीन दुकानांत द्यावी. भाव विचारताना गाडीभाडे, हमाली आणि जीएसटी धरून दारात पोच किती, हे विचारावे. नाहीतर स्वस्त वाटलेला माल भाड्यात महाग पडतो. काही ठिकाणी माल आणून देणाऱ्या मिस्त्रीला दुकानातून कमिशन मिळते आणि ते गिऱ्हाइकाच्याच भावात धरलेले असते. म्हणून मिस्त्रीचा सल्ला घ्यावा, पण पैसे मालकाने स्वतः द्यावेत.

उधारीचा भावही वेगळा असतो. उसाचे बिल किंवा सोयाबीनची पट्टी आल्यावर पैसे देणार असाल तर रोखीचा आणि उधारीचा असे दोन्ही भाव विचारावेत. पोत्यामागे १० रुपये आणि सळईला किलोमागे ३ रुपये जास्त लागले, तर ६० पोती आणि ४०० किलो सळईवर १,८०० रुपये जास्त जातात.

वाळू : ट्रॉली नव्हे, घनफूट

एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. ट्रॉली १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि आत दीड फूट भरलेली असेल तर ती होते ९० घनफूट. ब्रासचे पैसे दिले तर दर खेपेला १० घनफुटांची तूट. पाच खेपांत अर्धा ब्रास गेला. गाडी खाली करण्यापूर्वी हौद्यात टेप लावून लांबी, रुंदी आणि भरल्याची उंची मोजावी. शीग दिसली तरी कोपरे रिकामे नाहीत ना, हे पाहावे.

ओलसर वाळू फुगते. तिचे माप कोरड्या वाळूपेक्षा २० ते ३० टक्क्यांपर्यंत जास्त भरू शकते. म्हणजे तेवढे पैसे हवेचे. माती किती आहे ते पाहायला काचेच्या बाटलीत अर्ध्यापर्यंत वाळू आणि वर पाणी घालून हलवावे व दोन-तीन तास ठेवावे. वर बसलेला गाळाचा थर वाळूच्या ८ टक्क्यांहून जास्त असेल तर ती वाळू स्लॅबला घेऊ नये. नदीच्या वाळूऐवजी धुतलेली क्रश सँडही चालते. मात्र नुसती क्रशरची डस्ट म्हणजे क्रश सँड नव्हे.

वाळूच्या गाडीकडे ‘महाखनिज’चा वाहतूक पास असलाच पाहिजे. चोरीची वाळू स्वस्त मिळते, पण महसूल विभागाने पकडली तर बाजारभावाच्या पाच पटीपर्यंत दंड होऊ शकतो आणि काम अडते ते वेगळेच. घरकुल योजनेच्या लाभार्थ्यांना ५ ब्रासपर्यंत वाळू स्वामित्वधन न भरता मिळण्याची तरतूद आहे. त्याची चौकशी तहसील कार्यालयात करावी.

सळई : नग मोजा, वजनही करा

बारा मीटर, म्हणजे सुमारे ४० फुटी सळईचे वजन साधारण असे भरते :

- ८ मिमी : ४.७ किलो
- १० मिमी : ७.४ किलो
- १२ मिमी : १०.७ किलो
- १६ मिमी : १९ किलो

१२ मिमीच्या १० सळया सुमारे १०७ किलो भरल्या पाहिजेत. चार-पाच टक्के इकडेतिकडे चालते. त्याहून हलकी भरली तर सळई बारीक आहे असे समजावे. नगावर घेतली तर पैसे जातात, किलोवर घेतली तर स्लॅबची ताकद जाते. म्हणून किलोवर घ्यावी आणि नगही मोजावेत. सळईवर आयएसआय मार्क आणि आयएस १७८६ आहे का ते पाहावे. ‘बीआयएस केअर’ अॅपवर परवाना क्रमांक टाकला की कंपनीचे नाव दिसते.

सिमेंट : तारीख आणि बिल

पोत्यावर माल भरल्याचा आठवडा किंवा महिना छापलेला असतो. तीन महिने पडून राहिलेल्या सिमेंटची साधारण पाचवा हिस्सा ताकद गेलेली असते. त्यामुळे सगळी पोती एकदम भरून ठेवू नयेत, लागतील तशी आणावीत. ठेवताना खाली फळ्या टाकाव्यात, भिंतीपासून फूटभर अंतर सोडावे आणि दहापेक्षा जास्त थर लावू नयेत.

२२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे. करापूर्वी ३०० रुपयांचे पोते आधी ३८४ ला पडायचे, ते आता ३५४ ला पडते. ही सूट मिळाली की नाही हे पक्क्या बिलावरच कळते. माल खराब निघाला तर हातात पुरावा म्हणूनही तेच बिल लागते.

वीट : आकडा सारखा, माप वेगळे

एका भट्टीची वीट ९ बाय ४ बाय ३ इंच, दुसरीची साडेआठ बाय पावणेचार बाय पावणेतीन. दुसरी हजारामागे स्वस्त वाटते, पण तिच्या हजार विटा मापाने पहिलीच्या ८१२ विटांएवढ्याच भरतात. शिवाय सांधे वाढून मसाला जास्त लागतो. दोन विटा एकमेकींवर आपटल्या की खणखणीत आवाज यावा, आणि तीन फुटांवरून जमिनीवर टाकली तर वीट फुटू नये. तीन किलोची कोरडी वीट रात्रंदिवस पाण्यात ठेवली तर तिचे वजन ६०० ग्रॅमपेक्षा जास्त वाढू नये. पावसाळ्यात भट्ट्या बंद असतात, म्हणून विटा उन्हाळ्यातच घेऊन ठेवाव्यात.

जुने काय चालते, काय नाही

जुन्या घराचे दगड पायाला, सागवानी चौकटी, दारे आणि खिडक्यांचे गज पुन्हा वापरता येतात. इथे चांगला पैसा वाचतो. पण पापुद्रे सुटलेली गंजकी सळई आणि गठ्ठे झालेले सिमेंट फुकट मिळाले तरी स्लॅबला घेऊ नये.

इथे काटकसर नको

सिमेंटचे प्रमाण आणि सळईतले अंतर नकाशाप्रमाणेच ठेवावे. काँक्रीट सैल करण्यासाठी जादा पाणी ओतू नये. वरच्या प्रमाणात पोत्यामागे ३० लिटरपेक्षा जास्त पाणी नको. नंतर मात्र स्लॅबवर पाणी हवेच. साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, पीपीसीला १० दिवस. एवढ्याने स्लॅबची ताकद वाढते आणि त्याला पैसा लागत नाही.

मापात किंवा मालात फसवणूक झाली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. वजनमापाची तक्रार वैधमापन शास्त्र कार्यालयात द्यावी. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही. तक्रारीला पक्के बिल जोडावे आणि माल उतरवतानाचे मोबाईलवरचे फोटोही जपून ठेवावेत.