खंडव्याचं गांजाकोठार आणि आमचे चुलत आजोबा

पिपलानीच्या जुन्या आठवणी लिहायला बसले की माझी गाडी भेलच्या भोंग्यावर, गणपतीतल्या नाटकांवर नाहीतर क्वार्टरसमोरच्या सीताफळावर जाऊन थांबते. आज विषय वेगळा आहे. आमच्या घरात तो साठ वर्षं कुणी काढला नाही. बाबा गेल्यावर त्यांची लोखंडी ट्रंक उघडली, तेव्हा मलाच काढावा लागला.

आमचं घराणं मूळ खंडव्याचं. बाबा १९६० साली हेवी इलेक्ट्रिकल्समध्ये लागले. त्याच वर्षी नोव्हेंबरात पंडित नेहरूंनी कारखान्याचं उद्घाटन केलं. पुढे क्वार्टर मिळालं आणि आजीसुद्धा निमाड सोडून आमच्याकडे राहायला आली. कुणी विचारलं की "तुमचे सासरे काय करायचे हो?" तर आजीचं उत्तर ठरलेलं असे, "सरकारी कोठारावर कारकून होते." कोठार कशाचं, हे ती सांगत नसे. आम्ही मुलं समजायचो कापसाचं. खंडवा म्हणजे कापूस, जिनिंग, रेल्वेचं मोठं जंक्शन. दुसरं काय असणार?

कोठार होतं गांज्याचं.

आज ऐकायला विचित्र वाटतं, पण इंग्रजी अमलात निमाड जिल्ह्यात गांज्याची शेती सरकारच्या देखरेखीखाली, परवान्यावर चालत असे. त्या काळच्या कोशांत निमाडच्या नोंदीत कापूस आणि ज्वारी-बाजरीच्या शेजारीच तिचा उल्लेख सापडतो. शेतकऱ्यानं माल परस्पर विकायचा नाही. कोठारात आणायचा, तोलायचा, सील लावायचं, कर भरल्यावरच तो दुकानदाराकडे जायचा. तोलल्याची नोंद वहीत करणारे आमचे पणजोबा. आजी नवी नवरी म्हणून आली तेव्हा ते नोकरीत होते. माल जुना झाला की त्याचा गुण उतरतो, मग तो जाळून टाकत. त्या दिवशी आळीतल्या बायका खिडक्या लावून घेत, एवढं मात्र आजी हसत सांगायची. अर्थात माझ्या आईसमोर नाही.

आता या पिकाबद्दल थोडं, कारण मला स्वतःला हे सगळं उतारवयात कळलं आणि चकित व्हायला झालं. गहू, ज्वारी, वांगी यांचं जसं गावरान वाण असतं तसंच गांज्याचंही. दरवर्षी घरचंच बी राखायचं, त्याच मातीत पेरायचं. पिढ्यानपिढ्या असं केलं की झाड त्या मातीचं, त्या उन्हाचं होऊन जातं. मैदानी मुलखातलं हे वाण उंच वाढणारं, लांब फांद्यांचं, पानाच्या बोटांसारख्या पाकळ्या अरुंद. दिवस लहान व्हायला लागले की ते फुलायला घेतं आणि फुलण्यातही बराच वेळ काढतं. आपल्याकडची लांब, कोरडी, फारशी न गोठवणारी थंडी त्याला मानवते. हेच बी हिमालयात नेलं तर तुरे तयार होण्याआधीच झाड गारठून जाईल. उलट पहाडातलं बी खाली आणलं तर ते घाई करून खुजं असतानाच फुलायला लागतं. म्हणून पहाडात तुरे हातावर चोळून चरस काढायची रीत पडली आणि आपल्याकडे तुऱ्यांचाच गांजा करायची.

खरी कला मात्र नर-मादी ओळखण्यात. या झाडात नर वेगळं, मादी वेगळी. वारा परागकण वाहून नेतो, त्यामुळे शेतात एखादं नर झाड चुकून राहिलं तरी माद्यांना बी धरतं आणि माल हलका होतो. बी धरलं नाही तर तुरा वाढत राहतो, त्यावर चिकट राळ साठत जाते. म्हणून फूल उमलण्याआधीच नर हुडकून उपटायचे. बंगालात नौगाव भागात यासाठी खास जाणते लोक बोलावत, रांगेरांगेनं फिरून ते नर काढत. गंमत म्हणजे देशाच्या बऱ्याच भागांत शेतकरी ज्याला नर म्हणत ती वनस्पतिशास्त्राप्रमाणे मादी असे! धट्टंकट्टं, कामाचं, ते नर, असा हिशोब. (यावर मी काही बोलत नाही.) मग पुढल्या वर्षीचं बी कुठून यायचं? कितीही काळजी घेतली तरी काही बी धरतंच. तेच राखायचं.

कापणी झाल्यावर तुरे थरावर थर रचून पायांनी तुडवत. त्यातून चपटा गांजा तयार होई. आपल्या महाराष्ट्रातही नगर, सातारा, खानदेश या भागांत याची शेती होती, तेव्हा नाकं मुरडण्याआधी आपापल्या आजोळी चौकशी करावी.

नावाचाही घोळ आहे. लिनियसनं १७५३ मध्ये या वनस्पतीला 'सटायवा' म्हटलं. १७८५ मध्ये लामार्कनं हिंदुस्थानातून आलेल्या नमुन्यांवरून 'इंडिका' हे वेगळं नाव दिलं. म्हणजे इंडिका म्हणजे आपलं अरुंद पानांचं झाड. आज परदेशातल्या बाजारात मात्र 'इंडिका' म्हणून अफगाण बाजूचं बुटकं, रुंद पानांचं झाड विकतात आणि आपल्याकडच्या झाडाला 'सटायवा' म्हणतात.

आता मूळ गोष्टीवर येते.

बाबांच्या ट्रंकेत एक घडी झिजलेला कागद निघाला. आजोबांच्या धाकट्या भावाचा. हे चुलत आजोबा विशीत असताना त्यांचं डोकं बिघडलं. रात्ररात्र जागत, भिंतीशी बोलत, एकदा स्टेशनवर जाऊन रुळांत बसले. शेवटी त्यांना नागपूरला नेऊन ठेवलं आणि ते तिथेच वारले. आमच्या घरात त्यांचं नाव कधी घेतलं गेलं नाही, पितृपंधरवड्यातसुद्धा दबक्या आवाजात. त्या कागदावर वेडाचं कारण लिहायची जागा होती आणि तिथे एकच शब्द: गांजा.

पणजोबांनी त्यानंतर वर्षभरात नोकरी सोडली. "कोठारातलं विष घरात आणलं" असं त्यांना भाऊबंदांनी तोंडावर ऐकवलं होतं. आजीला विचारलं तेव्हा ती ऐंशीच्या पुढे होती. ती म्हणाली, "अगं, त्यांनी चिलीम हातात धरलेली मी कधी पाहिली नाही. बाप कोठारावर, म्हणून लिहिणाऱ्यानं लिहून टाकलं." माझी मोठी आत्या वेगळं सांगायची. शिवरात्रीला ते ओंकारेश्वरला जात आणि गोसाव्यांच्या धुनीपाशी दोन-दोन दिवस बसत, म्हणे. आत्याचा जन्म मात्र त्यानंतरचा. तिनं हे ऐकलं कुणाकडून, ते तिलाही आठवत नव्हतं.

मग मी वाचायला लागले. विलायतेच्या पार्लमेंटात प्रश्न निघाला म्हणून हिंदुस्थान सरकारनं जुलै १८९३ मध्ये एक आयोग नेमला. मॅकवर्थ यंग अध्यक्ष, सात सभासद, त्यांत तीन हिंदुस्थानी. ११९३ साक्षीदार तपासले. १८९४ मध्ये अहवाल आला, त्याचे कित्येक खंड. निष्कर्ष असा की माफक सेवनानं सहसा नुकसान होत नाही, अतिरेक घातक. बंदी नको, परवाने आणि कर कडक करा.

पण मी अडखळले ते वेडाच्या प्रकरणापाशी. १८९२ साली वेड्यांच्या इस्पितळांत १३४४ माणसं दाखल झाली होती. त्यांतल्या २२२ जणांच्या नावापुढे गांजा, भांग किंवा चरस हे कारण होतं. आयोगानं एकेका माणसाची चौकशी करवली, घरच्यांना, गावकऱ्यांना विचारलं. तेव्हा जेमतेम ९८ प्रकरणांत तसा काही संबंध दाखवता आला. बाकीच्यांचं काय? कारणाची जागा रिकामी ठेवायची नाही म्हणून आणणाऱ्या पोलिसानं किंवा कारकुनानं सवयीनं तो शब्द भरला होता.

त्या रात्री मला झोप लागली नाही. आमचा कागद त्यानंतर बऱ्याच वर्षांनी भरलेला, म्हणजे आयोगाचा अहवाल छापून झाला तरी सवय तीच.

माझा मुलगा डॉक्टर आहे. तो म्हणाला, "आई, एवढ्यानं निकाल देऊ नकोस. कोवळ्या वयात जास्त गांजा ओढला तर असा आजार होण्याचा धोका वाढतो, हे आता पक्कं माहीत आहे. पण विशीत हा आजार गांज्याशिवायही सुरू होतोच." म्हणजे आजी आणि आत्या दोघीही जागच्या जागी. मला स्वतःला आजीचं खरं वाटतं, पण ती सून होती, घराची अब्रू सांभाळणारी, हेही विसरता येत नाही.

निमाडच्या शेतीचं पुढे काय झालं ते थोडक्यात. १९६१च्या आंतरराष्ट्रीय करारानं गांज्याचा असा वापर बंद करायला पंचवीस वर्षांची मुदत दिली होती. १९८५ साली आपल्याकडे एनडीपीएस कायदा आला आणि गांजा, चरस गुन्ह्यात गेले. तुऱ्याशिवायची पानं आणि बी मात्र व्याख्येतून वगळलं. म्हणून तर आपल्या मध्य प्रदेशात सरकारी परवान्याचं भांगेचं दुकान आजही दिसतं आणि रंगपंचमीला ठंडाईत काय आहे ते कुणी विचारत नाही. पिपलानीत आमच्या शेजारी अल्मोड्याच्या काकू होत्या. त्या भांगेच्या बियांची चटणी करायच्या, आणि तिचं नाव कळल्यावर आईनं वाटी तशीच परत पाठवली होती. बियांत नशा नसते हे आईला कुणी पटवून द्यायचं? २०२१ साली अन्नसुरक्षेच्या सरकारी यंत्रणेनं ते बी रीतसर खाद्यपदार्थ ठरवलं. काकू असत्या तर मी वाटी मागून घेतली असती.

निमाडचं ते वाण तिथल्या शेतांतून गेलं. घरचं बी राखणारा शेतकरी थांबला की गावरान वाण असंच जातं.

यंदाच्या पितृपंधरवड्यात मी चुलत आजोबांचं नाव मोठ्यानं घेऊन पान वाढलं. ज्यांचं आजोळ खंडवा-बुऱ्हाणपूरकडचं आहे, त्यांच्या घरी कोठाराच्या वह्या, पावत्या, एखादा फोटो असेल तर मला जरूर दाखवा. पणजोबांचं अक्षर मी ओळखते, 'ळ'ची शेपटी ते फार लांब ओढत.